केराटोकोनस: नकाशा दिसतो, कमकुवतपणा दिसत नाही

धाकट्या भावाला केराटोकोनस (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पातळ होऊन शंकूसारखा फुगतो तो आजार) निघाला तेव्हापासून घरात सगळ्यांना तो कॉर्नियाच्या तपासणीचा लाल-पिवळा नकाशा वाचता येतो, आईसुद्धा विचारते केमॅक्स (कॉर्नियाचा सगळ्यात जास्त बाक) किती आला रे. पण नकाशा सांगतो आकार. कॉर्निया आतून किती ढिला झालाय ते वेगळंच प्रकरण.

जुन्या प्लासिडो मशीनमधे गोल गोल रिंगा डोळ्यावर पडतात आणि त्यांचं प्रतिबिंब फक्त पुढच्या पृष्ठभागाचं असतं, आणि गंमत म्हणजे सुरुवातीला फुगवटा बऱ्याचदा मागच्या बाजूला आधी दिसतो, वर बाहेरचा नाजूक थर फुगवट्यावर पातळ होऊन पुढचा खड्डा-उंचवटा झाकून टाकतो. म्हणून पेंटाकॅम हे मशीन, त्यात पुढची-मागची दोन्ही बाजू आणि जाडी मिळते. नॉर्मल जाडी मधोमध साधारण 540 मायक्रॉन.

मग कॉर्व्हिस, कॉर्निया किती ढिला ते बघायचं मशीन. डोळ्यावर हवेचा फुस्सकन झोत, भाऊ दचकलाच, आणि कॅमेरा सेकंदाला 4300 च्या वर फोटो काढतो. कॉर्निया आत दबतो आणि परत येतो, कमकुवत असेल तर जास्त आणि लवकर दबतो. अर्थात डोळ्यातलं प्रेशर आणि जाडी यांचाही फरक पडतो, त्यामुळे एकट्या आकड्यावर उड्या मारू नका. लेसिक (चष्म्याचा नंबर घालवायचं लेसर ऑपरेशन) करायच्या आधी मात्र ही टेस्ट मला तरी फार कामाची वाटते.

आणि हो, कॉन्टॅक्ट लेन्स आधी काही दिवस बंद ठेवायला लागते, नाहीतर आकारच चुकीचा येतो. किती दिवस ते लेन्सच्या प्रकारावर, डॉक्टरांना विचारा. डोळे चोळणं तर कायमचंच बंद!