इंटरस्टेट 80 आणि एक लांबलेले उत्तर

यंदा सुट्टीसाठी दादरला घरी आल्यापासून भेटायला येणारे बहुतेक सगळे एकच प्रश्न विचारत आहेत: "एवढ्या लांब एकटी कशाला गेलीस गं?" न्यू जर्सीहून कॅलिफोर्नियात बदली झाली, तेव्हा सामान ट्रकने पाठवून मी विमानाने गेले असते, तर कोणाला त्यात बोलण्यासारखे काही वाटले नसते. मी मात्र माझी गाडी स्वतः चालवत अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर गेले, आणि तेही सोबतीला कोणी नसताना. प्रश्नामागे काळजी आहे हे कळते, म्हणूनच त्याचे उत्तर नीट, सविस्तर द्यावेसे वाटले.

इंटरस्टेट 80 हा महामार्ग न्यू जर्सीतील टीनेक येथून निघतो आणि 11 राज्यांतून 4,600 किलोमीटरहून अधिक अंतर कापून सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचतो. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी 1956 मध्ये ज्या कायद्यावर सही केली, त्यातून महामार्गांचे हे जाळे उभे राहिले. त्यातील मुख्य रस्त्यांपैकी सम क्रमांकाचे पूर्व-पश्चिम धावतात आणि विषम क्रमांकाचे दक्षिणोत्तर. हे एवढे ठाऊक असले की नकाशा पुष्कळसा आपोआप उलगडतो.

एकटेपणाची पहिली जाणीव मला पेन्सिल्व्हेनियातील एका पेट्रोल पंपावर झाली. न्यू जर्सीत ग्राहकाने स्वतः पेट्रोल भरण्यास 1949 पासून कायद्याने बंदी आहे, आणि मुंबईत तर पंपावरचा माणूस "मॅडम, झिरो बघा" असे म्हणून आपल्याला साक्षीदार करतो. त्यामुळे इतकी वर्षे गाडी चालवूनही पेट्रोलची नळी मी कधी हातात घेतली नव्हती. यंत्रात कार्ड घातले, विचारला तसा पिन कोड दिला, नळी टाकीच्या तोंडाशी घट्ट बसवली आणि टाकी भरल्याचा खट् असा आवाज येईपर्यंत तिथेच उभी राहिले. गोष्ट साधी होती, परंतु यापुढचे प्रत्येक काम आपणच करायचे आहे, हे त्या खटक्याने मला फार स्पष्टपणे सांगितले. ओहायो, इंडियाना आणि इलिनॉय ही राज्ये मी भराभर ओलांडली. तिथे रहदारी दाट असते आणि लक्ष सतत पुढच्या ट्रकवर ठेवावे लागते.

खरा प्रवास नेब्रास्कात सुरू झाला. या एकाच राज्यात इंटरस्टेट 80 सुमारे 730 किलोमीटर चालतो, म्हणजे आपल्या 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गापेक्षाही जास्त. प्लॅट नदीच्या सपाट खोऱ्यातून रस्ता पश्चिमेकडे जातो, दोन्ही बाजूंना मक्याची शेते असतात आणि अधूनमधून रुळांवरून न संपणारी मालगाडी सोबत करते. एक्झिटचे क्रमांक राज्याच्या पश्चिम सीमेपासूनच्या मैलांवरून दिलेले असल्यामुळे पश्चिमेकडे जाताना ते उतरत जातात: ओमाहाजवळ साडेचारशेच्या आसपास असलेला आकडा दिवसभर हळूहळू घटत राहतो. त्या उतरत्या आकड्यांखेरीज पाहण्याजोगे फारसे काही नव्हते, आणि माझ्या मनात एरवी काय चालू असते हे मला तिथेच ऐकू आले.

मी सतत कोणाला तरी उत्तरे देत होते. काकूंना लग्नाबद्दल, वरिष्ठांना अहवालाला लागलेल्या वेळाबद्दल, शाळेतल्या मैत्रिणीला फोन न केल्याबद्दल. प्रत्येकासाठी माझ्याकडे एक वाक्य घोटून तयार होते. चाळीत वाढलेल्या मुलीला हे शिकवावे लागत नाही. गॅलरीतून खाली जाताना तीन दारांतून "कुठे निघालीस?" असे विचारले जाते, आणि त्यात मायाही असते, म्हणून उत्तर देण्याची सवय आयुष्यभर पुरते. त्या सपाट प्रदेशात ऐकणारे कोणीच नव्हते. तीच वाक्ये पुन्हा पुन्हा म्हणून झाली आणि कधीतरी ती संपली. केव्हा थांबावे, कोणत्या गावात मुक्काम करावा, गाडीत बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खावी की हॉटेल शोधावे, यांतले काहीही कोणाला पटवून द्यायचे नव्हते. मला मोकळीक म्हणून जे काही लाभले ते हेच, आणि वेगाशी त्याचा संबंध नव्हता.

घरच्यांशी एक करार मात्र मी पाळला. रोज संध्याकाळी 7 वाजता मुक्कामावरून निरोप पाठवायचा. त्यातही एक अडचण निघाली. पश्चिमेकडे जाताना घड्याळ मागे जाते, त्यामुळे मुंबईत आधी पहाटे साडेचारला मिळणारा निरोप नंतर साडेपाचला, मग साडेसहाला आणि शेवटी साडेसातला पोहोचू लागला. नेवाडात शिरले त्या दिवशी आईने चहा गॅसवर तसाच ठेवून मला फोन केला. मी तिला काळजी करू नकोस असे म्हटले नाही, कारण तिची काळजी रास्त आहे. मुंबईत रात्रीच्या लोकलमध्ये बाईला गर्दीचा आधार असतो. तिथे आधार असतो तो दिवसाउजेडी मुक्काम गाठण्याच्या नियमाचा, निम्म्यावर न येऊ दिलेल्या पेट्रोलच्या काट्याचा आणि दिवे असलेल्या रेस्ट एरियाचा. वायोमिंगमध्ये शर्मन समिटपाशी हा रस्ता 8,640 फुटांवर जातो, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षा सुमारे 1,000 मीटर अधिक उंचीवर. हिमवादळात तो बंद करण्यासाठी तिथे चक्क फाटके बसवलेली आहेत. मी सप्टेंबर महिना निवडला तो याच कारणाने.

युटाच्या पश्चिम टोकाला, वेंडोव्हरच्या अलीकडे, बॉनव्हिलची मिठाची मैदाने लागतात. प्राचीन काळी तिथे एक प्रचंड सरोवर होते; ते आटल्यावर मागे उरलेले हे मीठ आहे. रेस्ट एरियाच्या कडेने उतरून मी त्यावर चालत गेले. पायाखाली करकर वाजणारा पांढरा थर, त्यावर मीठच वर उचलले जाऊन तयार झालेल्या बोटभर उंचीच्या कडा, आणि त्या कडांनी आखलेले वेडेवाकडे षट्कोन दूरवर पसरलेले. तिथे उभी असताना माझ्या सर्वांत जुन्या उत्तराकडे मी पाहिले. "परत कधी येणार?" या प्रश्नाला मी कायम "ग्रीन कार्डचे झाले की बघू" असे म्हणत आले आहे. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांत एका देशाच्या वाट्याला 7 टक्क्यांहून अधिक जाऊ नयेत असा नियम असल्यामुळे भारतीयांची रांग अनेक वर्षांची आहे, आणि म्हणून ते उत्तर कधीच जुने होत नाही. परंतु त्या रांगेचा माझ्या निर्णयाशी काही संबंध नाही. माझे काम मला मनापासून आवडते, आणि ते जोवर करता येईल तोवर मला तिथेच राहायचे आहे. हे वाक्य मी त्या मैदानात मोठ्याने उच्चारले.

त्यानंतर नेवाडाचे वाळवंट आणि सिएरा नेवाडाचा डॉनर समिट ओलांडून मी कॅलिफोर्नियात उतरले, आणि लगेच कामावर रुजूही झाले.

गेल्या आठवड्यात तेच वाक्य मी इथे, स्वयंपाकघरात, आईबाबांसमोर म्हटले. बाबांनी पगाराचे, घरभाड्याचे आणि व्हिसा संपला तर काय याचे प्रश्न विचारले, आणि मला माहीत होते तेवढे मी सांगितले. आईला हा निर्णय आवडलेला नाही आणि तिने ते लपवलेलेही नाही. आमचे बोलणे अजून संपलेले नाही. काल रात्री जेवणानंतर पुन्हा तोच विषय निघाला, आणि या वेळी ग्रीन कार्डाचे नाव आमच्यापैकी कोणीच काढले नाही.