रॅम आणायला निघालो, तर अर्धी घरातच सापडली

मुंबई विमानतळाच्या रनवे २७ वर उतरणारं विमान घाटकोपर-कुर्ल्याच्या डोक्यावरून येतं. आमच्या चिरंजीवांच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्येही, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या गेममध्येही, ते तसंच येतं. फरक इतकाच, की घाटकोपरच्या इमारती दिसायला लागल्या की आमचं चित्र अर्धा सेकंद गोठायचं आणि पुन्हा हलायला लागेपर्यंत विमान रनवे सोडून भलतीकडे गेलेलं असायचं. मग मागून आवाज यायचा, "बाबा, रॅम कमी पडतेय." ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत हे वाक्य मी रोज ऐकलं. रॅम म्हणजे चालू कामाचा डेटा कॉम्प्युटर हाताशी ठेवतो ती मेमरी.

कॉम्प्युटर २०२० चा. लॉकडाउनमध्ये शाळा ऑनलाइन झाली म्हणून दिवाळीच्या आधी असेंबल करून घेतला. रायझन ५ ३६०० हा प्रोसेसर, बी४५० चा मदरबोर्ड, १६६० सुपर हे ग्राफिक्स कार्ड आणि आठ-आठ जीबीच्या दोन स्टिक, म्हणजे रॅमच्या पट्ट्या. तेव्हा सहावीत असलेला मुलगा आता अकरावीत आहे, आणि शाळेसाठी घेतलेल्या यंत्रावर शाळा सोडून सगळं चालतं. सिम्युलेटरची २०२४ ची आवृत्ती किमान १६ जीबी मागते आणि ३२ ची शिफारस करते. म्हणजे आम्ही बरोबर उंबरठ्यावर उभे होतो. विमान मुंबईत शिरलं की रॅम भरायची. मग विंडोज उरलेला पसारा एसएसडीवर, म्हणजे फायली कायमच्या साठवणाऱ्या ड्राइव्हवर, नेऊन ठेवणार. आमची एसएसडी साटा जोडणीची, सेकंदाला जेमतेम साडेपाचशे एमबी देणारी. ३२०० वेगाची रॅम प्रोसेसरकडे जाणाऱ्या एका चॅनेलवर, म्हणजे एका वाटेवर, कागदोपत्री २५,६०० एमबी देते. चित्र का गोठत होतं, ते या दोन आकड्यांतच आलं.

ऑफिसात हे बोललो तर आमच्या सर्व्हर विभागातल्या सहकाऱ्याने दुसऱ्या दिवशी सोळा जीबीच्या दोन स्टिक आणून हातावर ठेवल्या. भंगारात निघालेल्या सर्व्हरमधल्या. "डीडीआर४ च आहे, लाव आणि मजा कर." २८८ पिना, मधली खाचही जागच्या जागी, बोर्डात टक् करून बसल्या. बटण दाबलं तर पंखे फिरले, पडदा काळाच. स्टिकरवर बारीक अक्षरात १६जीबी २आरएक्स४ पीसी४-२४००टी-आर असं काहीतरी होतं. त्यातल्या त्या शेवटच्या 'आर'मध्ये सगळा घोळ होता. आर म्हणजे रजिस्टर्ड, सर्व्हरची मेमरी. घरच्या बोर्डाला लागते ती अनबफर्ड, तिथे 'यू' असतो. जुन्या बाजारात सर्व्हरची रॅम स्वस्त का मिळते, हे मला त्या दिवशी कळलं. दोन्ही स्टिक अजून कपाटात आहेत, परत द्यायच्या राहिल्यात.

जुनं पुन्हा लावायला घेतलं आणि तिथेच पहिला धक्का बसला. आमच्या मूळच्या दोन स्टिक शेजारी शेजारी होत्या, प्रोसेसरकडून पहिल्या आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये. बोर्डाच्या पुस्तिकेत चित्र काढून दाखवलंय की दोनच असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात लावा, म्हणजे ए२ आणि बी२. एकेका चॅनेलला एकेक. शेजारी लावल्या तर दोन्ही एकाच चॅनेलवर येतात आणि दुसरा रिकामा राहतो. दोन पदरी रस्ता असून पाच वर्षं सगळी वाहतूक एकाच पदरातून चालली होती. असेंबल करणाऱ्याने असं का केलं असेल? माझा अंदाज, बोटांना सोपं पडलं म्हणून.

दुसरा धक्का विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये. परफॉर्मन्स, मग मेमरी, उजवीकडे खाली स्पीड. तिथे २१३३ लिहिलं होतं. स्टिकवर तर ठसठशीत ३२००. मुलाने आधी कंपनीला शिव्या घातल्या, मग मला. खरी गोष्ट अशी की स्टिकवर छापलेला आकडा आपोआप मिळत नाही. बोर्ड चालू होताना सुरक्षित म्हणून ठरलेल्या सावकाश वेगाने चालू होतो, आमच्या स्टिकसाठी तो २१३३. छापलेला वेग एक्सएमपी नावाच्या प्रोफाइलमध्ये साठवलेला असतो आणि तो बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन आपण चालू करायचा असतो. काही बोर्डांवर त्याचं नाव ए-एक्सएमपी असतं, काहींवर डीओसीपी. पाच वर्षांत बायोसमध्ये कुणी गेलंच नव्हतं.

स्लॉट बदलले, प्रोफाइल चालू केलं, बोर्ड ३२०० वर सुरू झाला. मुलाने कौतुकाने सीपीयू-झेड हा हार्डवेअरची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम उघडला आणि ओरडला, "अरे बाबा, १६०० च दाखवतंय! अर्धीच मिळाली!" त्याला सांगितलं की डीडीआरमधला पहिला डी म्हणजे डबल. घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा डेटा जातो, म्हणून १६०० दुणे ३२००. त्याला पटलं नाही, पण संध्याकाळी विमान घाटकोपरवरून बरंच नीट आलं. पैसा एक खर्च झाला नव्हता. खरं तर इथेच थांबायला हवं होतं.

पण रॅम अजून १६ च होती आणि टास्क मॅनेजरमधली रॅमच्या वापराची रेघ छताला चिकटलेलीच. गोठणं कमी झालं, गेलं नाही.

मग काय घ्यायचं, यावर घरात आठवडाभर चर्चासत्र. डीडीआर५ चा प्रश्नच नव्हता. पिना तितक्याच असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते, शिवाय आमच्या एएम४ सॉकेटचे (प्रोसेसर बसतो ती जागा) बोर्ड डीडीआर४ चेच. डीडीआर५ म्हणजे बोर्ड नवा, प्रोसेसर नवा. उरले दोन मार्ग. सोळा-सोळाचा जोड घेऊन जुन्या आठ-आठ विकायच्या, किंवा आहेत त्यांत आणखी आठ-आठ घालून चारी स्लॉट भरायचे. जाणकार पहिला मार्ग सांगतात, हे मी वाचलं होतं. पण २०२५ चा डिसेंबर होता. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यापासून भाव वर चढत होते, आणि त्याच महिन्यात मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने क्रुशल हा आपला किरकोळ विक्रीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. दुकानदार फोनवर भावच सांगेनात. "आ जाओ, आज का जो भाव है वो है." सराफाकडे सोनं विचारल्यासारखं. २०२० मध्ये ज्या पैशात दोन स्टिक आल्या होत्या, त्यात आता जेमतेम एक येत होती. त्यामुळे स्वस्तातला मार्ग धरला, तीच कंपनी, तेच मॉडेल, तोच ३२००, तोच सीएल १६.

सीएलबद्दल सांगायला हवं, कारण दुकानात सगळ्यात जास्त घोळ तिथे होतो. सीएल म्हणजे मागितलेली गोष्ट हातात पडायला लागणारे ठोके. पण ठोका किती लांबीचा, हे वेगावर ठरतं. ३२०० ला सीएल १६ म्हणजे १० नॅनोसेकंद. ३६०० ला सीएल १८ म्हणजेही १० च. आणि ३२०० ला सीएल २२ म्हणजे पावणेचौदा. दोन डब्यांवर ३२०० सारखंच छापलेलं असतं, भावात थोडा फरक असतो, आणि स्वस्त डबा बहुतेक वेळा २२ वाला निघतो. हिशेब सोपा आहे. सीएलला २००० ने गुणायचं, वेगाने भागायचं. मोबाइलवर दहा सेकंदांत होतो.

रविवारी लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातली बरीचशी दुकानं बंद असतात म्हणून शनिवारी निघालो. डोंबिवलीहून दादर, तिथून पश्चिमेची स्लो पकडून ग्रँट रोड. पहिल्या दुकानात सीएल २२ काढून ठेवली आणि १६ विचारल्यावर "वही है सेठ, गेम में फरक नहीं पडता" असं ऐकवलं. दुसऱ्यात रंगीत दिवेवाली दाखवली. आमचा कूलर प्रोसेसरसोबत आलेला, बुटका, त्यामुळे उंच स्टिक बसलीही असती. पण कॅबिनेट टेबलाखाली असतं, दिवे कुणी बघायचे? तिसऱ्या दुकानात हवं ते मिळालं. जीएसटीसकट बिल घेतलं आणि वडापाव खाऊन परत आलो.

घरी चारी लावल्या. पंखे फिरले, पडदा काळा. बोर्डावर 'डीरॅम' लिहिलेला छोटा दिवा लागून राहिला. यंत्र आपलं आपणच तीनदा बंद-चालू झालं आणि मग २१३३ वर उठलं. ३२ जीबी दिसत होते, पण प्रोफाइल चालू केलं की पुन्हा काळा पडदा. एकदा चुकून ३२०० वर सुरू झालं, तेव्हा मेमटेस्ट८६ प्लस लावून बघितलं. रॅममधल्या चुका शोधणारा, पेन ड्राइव्हवरून चालणारा फुकट प्रोग्रॅम आहे, निळ्या पडद्याचा. दहाव्या मिनिटाला त्यावर लाल ओळी धडाधड उतरायला लागल्या.

मग एकेक करून तपासलं. जुना जोड एकटा ३२०० वर, शून्य चुका. नवा जोड एकटा ३२०० वर, शून्य चुका. चौघे एकत्र आले की भांडण. आमच्या सोसायटीच्या कमिटीची आठवण झाली.

स्टिकर वाचायला भिंग आणलं. मॉडेल नंबर अक्षर न् अक्षर तोच. पण खाली बारीक व्हर्जन लिहिलेलं होतं, जुन्यावर ४ ने सुरू होणारं, नव्यावर ५ ने. या कंपनीत तो पहिला आकडा चिप कोणाची ते सांगतो. ३ मायक्रॉन, ४ सॅमसंग, ५ हायनिक्स. म्हणजे एकाच नावाच्या डब्यात दोन वेगळ्या कारखान्यांचा माल. मात्र सगळं खापर त्याच्यावर फोडता येणार नाही. मेमरीचा ताबा प्रोसेसरमधल्या कंट्रोलरकडे असतो, आणि एका चॅनेलवर दोन स्टिक लटकवल्या की त्याच्यावरचा भार वाढतो. एएमडीच्याच तक्त्यात या पिढीच्या प्रोसेसरला दोन स्टिकसाठी ३२०० दिलंय, पण चार सिंगल-रँक (चिपांचा एकच गट असलेल्या) स्टिकसाठी २९३३, आणि चार ड्युअल-रँक (दोन गटांच्या) असतील तर २६६७. एक्सएमपी वाचताना मी ती ओळ ओलांडून गेलो होतो. एकाच डब्यात चारचा संच घेतला तर कंपनीने त्या चौघी एकत्र तपासलेल्या असतात. मी घेतले होते दोन वेगळे डबे, पाच वर्षांच्या अंतराने.

दुकानदाराला फोन केला. सील फोडलेला माल परत घेत नाही म्हणाला. "३२०० का बोला था, ३२०० का दिया." त्यात खोटं काहीच नव्हतं.

रविवारी रात्री बायोसमध्ये जाऊन प्रोफाइल तसंच ठेवलं, व्होल्टेज १.३५ ला हात लावला नाही, फक्त वेग हाताने २९३३ केला. पहिल्या झटक्यात सुरू झालं. साडेदहाला मेमटेस्ट लावून झोपलो. सकाळी सहाला बायको चहा टाकायला उठली आणि विचारू लागली, "रात्रभर हा निळा पडदा कशाला जळतोय? बिल कोण भरणार?" मी तशाच झोपेत जाऊन एररचा रकाना बघितला. शून्य.

सोळा ठोके २९३३ वर म्हणजे १०.९ नॅनोसेकंद. वेगात आठ टक्क्यांची घट. दोनदा वाटलं, हे सगळं विकावं आणि सोळा-सोळाचा जोड आणावा. मग मुलाला न सांगता दोन दिवस त्याच्या मागे उभा राहून बघितलं. विमान घाटकोपरवरून आलं, इमारती आल्या, रेघ २१ जीबीच्या आसपास फिरत राहिली आणि चाकं रनवेवर टेकली. त्याला विचारलं, "काय रे, ३२०० आणि २९३३ मध्ये काही जाणवतं?" तो म्हणाला, "कुठल्या २९३३?"

कॅबिनेटच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवून ठेवली आहे. कुठल्या स्लॉटात कुठल्या व्हर्जनची स्टिक, वेग २९३३, व्होल्टेज १.३५, प्रोफाइलचा ३२०० लावू नये, तारीख. जानेवारीत एका सकाळी वीज जाऊन आली आणि कॉम्प्युटरचं घड्याळ काही वर्षं मागे गेलेलं दिसलं. मी घड्याळ दुरुस्त करायच्या आधी टास्क मॅनेजर उघडला. २१३३. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पाच वर्षांनी संपला होता आणि त्याच्यासोबत बायोसमधलं सगळं पुसलं गेलं होतं. कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडून नवा सेल आणला, चिठ्ठी बघून आकडे भरले आणि तिच्यावर खाली पेनाने लिहिलं, सेल बदलला, जानेवारी २०२६.