तुम्ही विचारलंत म्हणून: हो, कविता शिकवायचे पैसे घेते

दर फेब्रुवारीत हा प्रश्न येतो. 27 तारखेला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन, त्यामुळे आठवडाभर आधीपासून नाशिकमधल्या झाडून सगळ्या कवींचे फोन वाजायला लागतात. शाळा बोलावतात, बँका बोलावतात, सोसायट्या बोलावतात, एकदा तर एका टू-व्हीलरच्या शोरूमने बोलावलं होतं. कार्यक्रम होतो, शाल खांद्यावर येते, नारळ पिशवीत जातो आणि चहाच्या वेळी कुणीतरी कप घेऊन शेजारी येतं, आवाज जरा खाली करून विचारतं, "मॅडम, तुम्ही म्हणे कवितेचे क्लास घेता? शिकवता येते का हो कविता? फी वगैरे असते?"

हसून उत्तर दिलंय, चिडून दिलंय, एकदा तर नुसतं "हो" म्हणून चहा संपवला. यंदा एकदाच सविस्तर देते, म्हणजे पुढच्या फेब्रुवारीत हेच पाठवता येईल.

आधी पैशाचं, कारण खरा प्रश्न तोच असतो. मर्ढेकर आकाशवाणीत होते, कोलटकर जाहिरातीच्या धंद्यात, विंदा आणि बापट कॉलेजात शिकवायचे, सुर्वे गिरणीत, मग शाळेत शिपाई आणि मग शिक्षक. म्हणजे कवितेवर घर कुणाचंच चाललं नाही आणि खरं सांगू का, ते आपल्याला फार आवडतं. कवीने पोट दुसरीकडे कुठेतरी भरावं आणि कविता आपल्याला फुकट ऐकवावी. माझा पहिला संग्रह आला तेव्हा छपाईचे पैसे मी दिले होते, तीनशे प्रती, त्यातल्या निम्म्या अजून आईच्या दिवाणात गाद्यांखाली आहेत. तेव्हा कुणीही जवळ येऊन हळूच विचारलं नाही की कवितेत पैसा कसा काय आला. पैसा माझ्या खिशातून गेला तर साहित्यसेवा, माझ्या खिशात आला की धंदा.

आणि फुकट घेऊन पाहिलेत क्लास. लोक तिसऱ्या शनिवारी येत नाहीत. मुलाचा वाढदिवस निघतो, गावाकडे जायचं निघतं. पैसे भरले की मुलाचा वाढदिवस रविवारी करतात.

आता दुसरा भाग, शिकवता येते का. इथे माझ्याविरुद्ध लेखी पुरावा आहे. पहिल्या संग्रहानंतर एका दिवाळी अंकाने माझी मुलाखत छापली होती, तीत मी छातीठोकपणे म्हटलंय की कविता शिकवणं म्हणजे पावसाचा क्लास काढणं. त्या पानाचा फोटो मला दर वर्षी कुणी ना कुणी पाठवतं, सोबत डोळा मारणारी स्मायली. वाक्य झकास आहे, टाळ्या घेणारं आहे, आणि त्या बाईचा मला अजून राग येतो. तिला काय जात होतं बोलायला? वडिलांच्या घरात राहत होती, लाइटचं बिल कधी येतं हे माहीत नव्हतं. आणि वाचन तरी नीट होतं का तिचं? सुरेश भट गझल शिकायची इच्छा असलेल्या पोरांना गझलेची बाराखडी पाठवायचे, पत्रातून चुका दाखवायचे, त्यातून उभी राहिलेली माणसं आज मुशायरे गाजवतायत. पुण्यात रविकिरण मंडळाची मंडळी 1923 पासून एकत्र जमून एकमेकांना कविता ऐकवायची. तिकडे अमेरिकेत आयोवाच्या विद्यापीठात 1936 पासून लेखनाची कार्यशाळा चालू आहे. म्हणजे माणसं एकमेकांकडून हे शिकत आलीत, फक्त आपल्याकडे त्याला क्लास म्हटलं की कपाळावर आठी पडते.

पण तिचा, म्हणजे त्या मुलाखतवालीचा, एक मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही. भटांनी शिकवलं ते मोजता येतं. मात्रा पडली की पडली, काफिया, म्हणजे गझलेतलं यमक, चुकला की चुकला, त्यात वाद नाही. मुक्तछंदात काय मोजणार? तिथे मी "ही ओळ खोटी वाटतेय" म्हणते तेव्हा माझ्याकडे माझ्या कानाशिवाय दुसरा पुरावा काय असतो? काही नसतो. त्या कानाचे मी पैसे घेते, असं कुणी म्हटलं तर मला राग येतो आणि उत्तर सुचत नाही.

म्हणून ती कॉलेजची गोष्ट सांगते. ही मी चहाच्या वेळी सांगत नाही कारण चहा तेवढा पुरत नाही.

मी काही वर्षं शहरातल्या एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरते पैसे या बोलीवर, मराठी शिकवायचे. तासिका तत्त्व काय असतं ते तुमच्या घरात कुणी ना कुणी भोगलेलं असेलच, जूनमध्ये मुलाखत, उन्हाळ्यात घरी, बिलं निघाली तर सहा-आठ महिन्यांनी एकदम, आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा त्याच खुर्चीवर बसून त्याच लोकांना आपलं नाव सांगायचं. नव्या अभ्यासक्रमात सर्जनशील लेखनाचा पेपर आला, परमनंट मंडळींपैकी कुणालाच तो नको होता, तो माझ्याकडे आला. मला तर लॉटरीच लागली. वर्गात वीस-पंचवीस मुलं, निम्म्यांना हा पेपर का घेतला ते माहीत नाही, आणि त्यात सटाण्याकडची एक मुलगी, शेवटच्या बाकावर, हजेरीला "येस मॅडम" एवढंच बोलणारी.

वर्षाअखेरीला प्रत्येकाने पाच कवितांची फाइल द्यायची होती. तिने पहिली आणली ती आईवर. सगळे आईवरच आणतात. माउली, त्यागमूर्ती, वात्सल्यसिंधू, कष्टाची धगधगती मशाल, शेवटी "तुझ्या चरणी माझा माथा". यमक एकूण एक जुळलेलं. मी फाइल बंद केली आणि विचारलं, "आई आत्ता या घडीला काय करत असेल गं?" ती पटकन बोलून गेली, "मन्ही माय कांदा निवडस." आणि जीभ चावली. "सॉरी मॅडम, अहिराणी आली." मी म्हटलं, पुढे सांग. मग तिने सांगितलं. कांदाचाळीत साठवलेला कांदा निवडताना डोळ्याला पाणी येतं पण आई पुसत नाही, कारण कांद्याचा हात लागला की आणखी झोंबतं. सवयच झालीय तिला ती. मोठ्या बहिणीच्या पाठवणीला सगळ्या बाया पदर डोळ्याला लावून रडत होत्या आणि आई दोन्ही हात अंगापासून लांब धरून तशीच उभी, गालावरून पाणी चाललंय आणि पुसत नाही. गावातल्या बायका म्हणाल्या, काय बाई आहे.

मी म्हटलं, हेच लिही. असंच. ती म्हणाली, "हे? हे काय कविता असते का मॅडम?"

दोन महिने लागले. मी एकही शब्द घातला नाही, हे मुद्दाम सांगतेय कारण नंतर तोही आरोप झाला. मी फक्त विचारत राहिले, हा शब्द तुझ्या घरात कोण बोलतं? कुणी नाही? मग काढ. शेवटी आठ-नऊ ओळी उरल्या, पहिली अशी: "मन्ही माय कांदा निवडस, डोया पुसत नही." मी ती कविता वर्गात तिच्याकडून वाचून घेतली तेव्हा मागच्या बाकावरची टिंगलवाली पोरं गप्प झाली. माझ्या स्वतःच्या कवितेनं मी कधी खोली अशी गप्प केलेली नाही. मला तेव्हा तिचा हेवा वाटला होता, थोडा नाही, चांगलाच.

बाहेरून परीक्षक आले. सज्जन गृहस्थ, रिटायरमेंटला आलेले. त्याच दिवशी सकाळी त्यांचं मुलांसमोर बहिणाबाईंवर भाषण झालं होतं, बोलीतला गोडवा, मातीचा सुगंध, आणि बोलताना त्यांचा गळा खरोखर दाटला होता. दुपारी स्टाफरूममध्ये मिसळ खाता खाता त्यांनी फाइली तपासल्या. मार्कांचा तक्ता ठरलेला: कल्पनाविलास, अलंकार, शुद्धलेखन, मांडणी. व्हॉट्सॲपवरच्या चारोळ्या उतरवून आणणाऱ्या एका पोराला पन्नासपैकी एक्केचाळीस. या मुलीला सोळा. नापास. अहिराणीच्या प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ आणि समासात "शु. ले."

मी विचारलं. ते अजिबात चिडले नाहीत, पाव मोडत शांतपणे म्हणाले, "मॅडम, भावना चांगल्या आहेत हो मुलीच्या. पण ही कविता नाही, ही घरातली बोलणी आहेत." मी म्हटलं, सर, सकाळी तुम्ही बहिणाबाईंवर काय बोललात? ते म्हणाले, "बहिणाबाई बहिणाबाई आहेत." याला उत्तर नसतं. मग मी विभागप्रमुखांकडे गेले, प्राचार्यांकडे गेले, लेखी अर्ज दिला, आवाज चढवला, आणि कुणीतरी अगदी सहज विचारलं, "तुम्ही सीएचबीवर आहात ना?"

हे सगळं मी सहन केलं असतं. सहन न झालेलं वेगळंच आहे. मुलगी मला कॉरिडॉरमध्ये भेटली आणि म्हणाली, "मॅडम, राहू द्या ना. मला बीएडला ॲडमिशन घ्यायचीये, ही एटीकेटी सुटली की झालं. तुम्ही भांडलात की सगळे माझ्याकडे बघतात." मी तिला समजावलं, तुझं बरोबर आहे, त्यांचं चूक आहे, वगैरे. तिने मान हलवली. आणि तो पेपर पुन्हा दिला तेव्हा फाइलमध्ये तिने तीच पहिली कविता लावली, माउली, त्यागमूर्ती, मशाल, सगळी, मला न दाखवता. चौतीस मार्क मिळाले. पास.

म्हणजे बघा, मी शिकवायच्या आधीची कविता पास झाली आणि शिकवल्यानंतरची नापास. मुलाखतवालीला याहून जास्त आनंद कशाने झाला असता?

माझ्या नवऱ्याचं म्हणणं की यात कवितेचा काही संबंध नाही, ही सिस्टीमची गोष्ट आहे. मैत्रीण म्हणते, तिच्यासाठी तू योग्यच केलंस. माझंही दिवसा तेच मत असतं. पण मी तिला जे शिकवलं त्याची किंमत तिच्या गुणपत्रिकेत पडली आणि माझं समाधान माझ्याकडे राहिलं, हा हिशेब मला जुळवता येत नाही. ती आता एका शाळेत शिकवते. वाढदिवसाला न चुकता मेसेज येतो तिचा. लिहितेस का, हे मी विचारत नाही. उत्तर "नाही" आलं तर काय, याची भीती आहे आणि "हो, माउलीवर" आलं तर काय, याची त्याहून जास्त.

पुढच्या जूनमध्ये मला फोन आला नाही. काढलं असं कुणी म्हटलं नाही, वर्कलोड कमी झाला म्हणाले. तोच पेपर आता दुसरं कुणीतरी घेतं आणि ऐकते की मुलांना मार्क छान पडतात.

तर शनिवारचा क्लास असा सुरू झाला, कुठल्या ध्येयाने वगैरे नाही, उन्हाळ्यात पैसे लागत होते. मैत्रिणीच्या ट्यूशनची खोली, फळ्यावर दहावीच्या गणिताची सूत्रं तशीच असतात, पुसू नका म्हणून बजावलंय तिने. बँकेतून निवृत्त झालेले एक काका येतात, अंबडच्या एमआयडीसीतला सुपरवायझर येतो नाइट शिफ्ट करून डोळे तांबारलेले, दोन-तीन गृहिणी, आणि एक रील्सवाला पोरगा, ज्याला मी पहिल्या दिवशी मनातून रद्द केलं होतं आणि ज्याचा कान अख्ख्या बॅचमध्ये सगळ्यात तयार निघाला. इथे मार्क नाहीत. मी काय शिकवते म्हणाल तर आपलीच कविता मोठ्याने वाचायला लावते, दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला लावते, आणि जिथे वाचणारा अडखळतो तिथे पेन्सिलने खूण करायला लावते. बाकी बरंचसं गप्प बसते. त्या गप्प बसण्याचेही पैसे घेते, हो. ते मला सगळ्यात जड जातं.

यातून कवी होतात का? काका नाही होणार. त्यांनाही माहीत आहे. पण परवा त्यांनी स्वतःच्या कवितेतला "सांजवेळी"चं अख्खं कडवं कुणी न सांगता खोडलं आणि असे काही ऐटीत बसले की विचारू नका.

दुसऱ्या संग्रहाचं विचारणारेही बरेच असतात, तेही याच निमित्ताने उरकते. नाही आलेला. फाइल आहे, कवितासुद्धा आहेत, पण शिकवायला लागल्यापासून माझ्या ओळी लिहिता लिहिताच मला क्लासमधला प्रश्न ऐकू येतो, हा शब्द तुझ्या घरात कोण बोलतं? आणि आमच्या घरात आता कोण काय बोलतं, मुलगी अर्धं इंग्रजी, नवरा फोनवर, आणि सासूबाई बातम्यांशी भांडतात. कधी वाटतं शिकवण्याने माझी कविता खाल्ली. कधी वाटतं ती तशीही फार नव्हती, शिकवण्याने ते फक्त लवकर कळलं. मुलाखतवाली म्हणेल, मी सांगत होते. तिला म्हणावं तू फक्त वाक्य टाकलं होतंस, तुला काही माहीत नव्हतं. पण वाक्य खोटं होतं असं मात्र मी अजून म्हणू शकत नाही, काही शनिवारी म्हणते, काही शनिवारी नाही.

पुढची बॅच जूनमध्ये आहे. आठ शनिवार, तीन हजार रुपये. आणि मध्येच सोडलं तर फी परत मिळत नाही, तेही बरेच जण विचारतात.