पकडायचा आणि सोडायचा

“सोडूनच द्यायचा असेल, तर पकडतेस कशाला?”

सुट्टीला घरी आले की हा प्रश्न ठरलेला. वाडा गावची मावशी विचारते तेव्हा त्यात हळहळ असते. पाच किलोचा मासा हातात आला आणि हिने पाण्यात सोडला! तिच्या डोळ्यांपुढे तुकड्या, आलं-लसूण, तांदळाचं पीठ, तापलेला तवा असं सगळं उभं असतं. पुण्याची मैत्रीण जन्माची शाकाहारी, तिच्या प्रश्नात राग असतो. खायचा असता तर एक वेळ समजलं असतं, म्हणते. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा बसून लिहिते.

मी स्कॉटलंडमध्ये, अ‍ॅबरडीनला राहते. इथे डी नदी समुद्राला मिळते. केर्नगॉर्म डोंगरात, ब्रेरिआखच्या पठारावर १२०० मीटरच्या आसपास तिचा उगम. तिथून बॅलटर, अबॉइन, बँकरी अशी गावं घेत ती साधारण १४० किलोमीटर खाली येते. सॅमन मासे पकडायचा हंगाम १ फेब्रुवारीला सुरू होतो, १५ ऑक्टोबरला संपतो. फेब्रुवारीत छातीपर्यंतचे वेडर्स, म्हणजे पाणी न शिरणारे बूट-विजार, चढवून पाण्यात उभं राहिलं की गळाच्या काठीच्या कड्यांमध्ये बर्फ धरतो आणि दोरा अडकतो. रविवारी मात्र सुट्टी. स्कॉटलंडमध्ये रविवारी सॅमन पकडायला कायद्यानेच बंदी आहे. आमच्याकडे रविवार म्हणजे मासळीचा वार, त्यामुळे हे मावशीला अजून पचलेलं नाही. (बाजारात रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात खरं, पण त्या दोघांचं नातं काही नाही. हेही तिला पटत नाही.)

सोडायचं कारण सोपं आहे. मासे उरले नाहीत. २०२३ मध्ये आययूसीएन या निसर्गरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ब्रिटनमधल्या अटलांटिक सॅमनला धोक्यातल्या प्रजातींत घातलं. त्या वर्षी स्कॉटलंडभर गळाला लागलेले सॅमन ३२,५००च्या आसपास भरले. नोंदी १९५२ पासूनच्या आहेत, त्यांतला तोपर्यंतचा हा सगळ्यात कमी आकडा. १ एप्रिलच्या आत लागलेला प्रत्येक सॅमन सोडावाच लागतो, आणि डीवर तर वर्षभर सोडायचीच रीत आहे. शंभर वर्षांपूर्वी असं नव्हतं. ७ ऑक्टोबर १९२२ ला टे नदीवर जॉर्जिना बॅलंटाइन या बाईंनी ६४ पौंडांचा, म्हणजे २९ किलोंचा सॅमन काढला. दोन तास झुंजल्या त्याच्याशी. ब्रिटनमधला तो विक्रम अजून मोडलेला नाही. तो मासा पुढे तिथल्याच पर्थ शहरातल्या इस्पितळात गेला, रुग्णांच्या जेवणासाठी. हे ऐकलं की मावशीचा जीव जरा निवतो.

पण हे झालं सोडायचं कारण. पकडायचं काय? काठावरचे लोक सांगतात, मासे धरायला आम्ही भरतो त्या भाड्यातून नदीची राखण होते, काठाने झाडं लावली जातात, सावलीने उन्हाळ्यात पाणी तापत नाही. खरं आहे ते. पण तेवढीच कळकळ असेल तर पैसे पाठवून घरी बसावं की!

माझं कारण तिळशाचं आहे. वाड्याजवळ वैतरणेच्या काठी तिळसेश्वराचं देऊळ आहे आणि तिथल्या डोहात महाशीर. देवाचे मासे, त्यांना कोणी धरत नाही. आम्ही चुरमुरे टाकायचो आणि पाणी उकळल्यासारखं व्हायचं. एकदा मी पायरीवर पालथी पडून हात पाण्यात बुडवला, तर एक मोठं धूड तळव्याला घासून गेलं. गार खवले, आणि आत केवढा तरी जोर. आजीने पाठीत धपाटा घातला तोही आठवतो. मला वाटतं, मी इथे तोच स्पर्श शोधत असते. फार शोभणारं कारण नाही, पण दुसरं मला सापडलेलं नाही.

त्यातून सॅमन विचित्र मासा. समुद्रातून नदीत शिरला की खाणंच बंद करतो. फेब्रुवारीत आलेला मासा नोव्हेंबरच्या सुमाराला विणीची वेळ येईपर्यंत अंगच्या चरबीवर काढतो. मग पिसं बांधलेल्या गळावर झडप का घालतो? चिडून, की समुद्रातल्या सवयीने? काठावरच्या बाकड्यावर यावरून वाद चालतात, मिटत मात्र नाहीत. ट्राउट या नदीतल्या दुसऱ्या माशाचं तसं नाही. त्याला भूक असते. पाण्यावर कोणत्या माश्या उडताहेत ते पाहून तशी पिसांची नकली माशी गळाला बांधायची, आणि त्याने तोंड घातलं की लगेच काठी उचलायची. सॅमनला असं केलंत की गेला. त्याला दोरा घेऊन वळू द्यावं लागतं, आणि तेवढा वेळ हात आवरून उभं राहायचं. मला ते जमायला दोन हंगाम गेले.

पहिला मोठा लागला तो जूनमध्ये. चांदीसारखा, शेपटीजवळ समुद्री उवा चिकटलेल्या, म्हणजे समुद्रातून येऊन दोन-तीन दिवसही झाले नसतील. बरोबर गिली होते, म्हणजे नदीचा तेवढा पट्टा राखणारे आणि आम्हाला वाट दाखवणारे गृहस्थ. ते म्हणाले, पाण्यातच राहू दे. मी उचलला. मावशीला फोटो पाठवायचा होता. ओल्या बोटांनी फोनचं कुलूप उघडेना, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा उघडलं. मिनिटभर गेलं असेल. मग मी त्याला पाण्यात धरून उभी राहिले, तोंड प्रवाहाकडे, हात शेपटीच्या मुळाशी. कल्ले उघडत होते, मिटत होते. मध्ये मध्ये नुसतेच उघडे राहायला लागले. वीस मिनिटांनी तो माझ्या हातात उलटा झाला.

गिलींनी एवढंच विचारलं, “फोटो आला का?”

आला होता. मी तो कोणालाच पाठवला नाही.

पुण्याच्या मैत्रिणीला माझ्याकडे उत्तर नाही, ते त्या दिवसापासून. तरी मी जाते. उलटा काटा नसलेला गळ लावते, जाळी पाण्यातच ठेवते, हात आधी भिजवते, आणि फोन गाडीत असतो. मासा शेपटीचा हिसका देऊन स्वतः सुटेपर्यंत खाली हात धरते, बस.

त्यामुळे दाखवायला एकही फोटो नाही. मावशी म्हणते, “मग पकडलास हे तरी कशावरून?”