उतरंडीतलं तळाचं मडकं

शनिवार, रात्री साडेअकरा

पलंगावर एकवीस चिठ्ठ्या पसरून बसले आहे. जुन्या कॅलेंडरची पानं फाडून त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेल्या. प्रत्येकीवर एकच वाक्य, ‘इथे काय कळलं’. दुपारपासून ‘अंडरवर्ल्ड’ पुन्हा पाहिला, २००३ सालचा, लेन वाइजमनने दिग्दर्शित केलेला. नवीन काही कळलं की सिनेमा थांबवायचा, चिठ्ठी लिहायची आणि पुढे जायचं. दोन तासांचा सिनेमा संपायला पावणेचार तास लागले. भाचा पहिला तासभर सोबत बसला होता. मग म्हणाला, “मावशी, तू सिनेमा बघतेयस की पंचनामा करतेयस?” आणि अंघोळीला गेला.

पंचनामाच करायचा होता. एकांकिका दुसऱ्या प्रवेशात अडून पंधरा दिवस झाले. दोन भाऊ, एक विहीर, तीस वर्षांचा अबोला. अबोल्याचं खरं कारण फक्त आजीला माहीत आहे. ते प्रेक्षकाला कधी कळू द्यायचं आणि कुणाच्या तोंडून, इथे गाडी रुतली आहे. लवकर सांगितलं तर पुढे ताण राहत नाही, उशिरा सांगितलं तर आजी नुसती माहिती देणारं पात्र होते. आणि हा सिनेमा मला पहिल्यांदा पाहिल्यापासून असाच आठवतो : जुनं भांडण, दोन घराणी आणि भांडणाचं कारण लपवून बसलेला घरातला मोठा माणूस. फक्त तिकडे एका बाजूला व्हॅम्पायर आहेत आणि दुसऱ्या बाजूला लांडग्यात बदलणारे लायकन.

सुरुवातीला वाटतं, ही युद्धाची गोष्ट आहे. पाऊस, काळोख, निळसर झाक असलेलं शहर (चित्रीकरण बुडापेस्टचं), उंच कठड्यावर काळ्या कोटात दबा धरून बसलेली व्हॅम्पायर सेलीन. तिच्याच आवाजातलं निवेदन आपल्याला सांगतं की युद्ध जवळजवळ संपलं आहे. लायकनांचा म्होरक्या लूशियन सहा शतकांपूर्वी मारला गेला. मारणारा व्हॅम्पायर क्रेव्हन त्या मोहिमेतून एकटा परतला आणि पुरावा म्हणून लूशियनच्या दंडावरची डाग दिलेली कातडी घेऊन आला. मग भुयारी रेल्वेच्या स्थानकात गोळीबार होतो. व्हॅम्पायरना आतून जाळणाऱ्या, सूर्यप्रकाशासारखा उजेड भरलेल्या गोळ्या. त्या गोंधळात सेलीनच्या लक्षात येतं की लायकन तिच्या मागावर नव्हतेच, ते मायकेल कॉर्विन नावाच्या एका साध्या तरुण डॉक्टरच्या मागे होते.

इथपर्यंत माझ्या चार चिठ्ठ्या झाल्या. मग सगळ्या चिठ्ठ्यांचे दोन ढीग केले. ‘आता काय घडतं’ हा एक आणि ‘पूर्वी काय घडलं होतं’ हा दुसरा. पहिल्या ढिगात आठ, दुसऱ्यात तेरा. ढीग बघून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. पडद्यावर सतत पळापळ, मारामारी, गाड्या, बंदुका, आणि तरी गोष्ट चालते ती मागे. आजच्या प्रत्येक धावपळीतून हाती येतं ते कालचं काहीतरी.

आमच्या आजोळी माजघरात उतरंड होती. मोठ्या मडक्यावर लहान, त्यावर आणखी लहान. वरच्यात रोजचं तिखटमीठ, आणि जे खरं जपायचं ते तळाच्या मडक्यात. तळाशी पोचायचं तर वरचं एकेक उतरवून खाली ठेवावं लागे, एकाला धक्का लागला तर सगळी कोसळायची. या सिनेमाची बांधणी मला तशी दिसते. वरचं मडकं : लूशियन जिवंत आहे. हे आपल्याला सेलीनच्या आधी कळतं, म्हणून ती क्रेव्हनसमोर उभी राहते तेव्हा आपला जीव वर-खाली होतो. त्याखालचं : कॉर्विनसचं रक्त. पाचव्या शतकातला हंगेरियन सरदार अलेक्झांडर कॉर्विनस साथीतून एकटा वाचला, त्याच्या एका मुलाला वटवाघूळ चावलं, एकाला लांडगा, तिसरा माणूसच राहिला. मायकेल त्या तिसऱ्याचा वंशज. म्हणजे दोन्ही वैरी एकाच घरातले. त्याखालचं : लूशियन आणि सोन्या. लायकन तेव्हा व्हॅम्पायरांचे गुलाम होते. गुलाम लूशियनवर सोन्याने प्रेम केलं, ती त्याच्या मुलाची आई होणार होती, आणि तिच्या बापाने, व्हॅम्पायरांच्या म्होरक्या व्हिक्टरने, तिला उन्हात जाळून मारलं. युद्ध तिथून सुरू झालं. आणि अगदी तळाशी सेलीनचं स्वतःचं घर. तिच्या आईवडिलांना, बहिणीला, भाच्यांना लायकनांनी मारलं असं तिला आयुष्यभर सांगितलेलं. मारलं होतं व्हिक्टरने, ज्याने नंतर तिला लेकीसारखी वाढवली, कारण तिला बघून त्याला त्याची मुलगी सोन्या आठवायची.

एक बारकावा आज पहिल्यांदा दिसला. तळाचं मडकं सगळ्यात जुनं नाही. कॉर्विनसची हकिकत कितीतरी शतकं आधीची, तरी ती मधल्या थरात आहे. थर काळाप्रमाणे लावलेलेच नाहीत. जे सेलीनला जितकं जिव्हारी लागणार तितकं खोल. मी मात्र माझ्या संहितेत सगळं सालवारीने लावत बसले होते. आधी आजोबा, मग विहीर, मग वाटणी, मग कोर्ट.

दुसरी गोष्ट, आणि ही मला सगळ्यात मोलाची वाटते. या व्हॅम्पायरांच्या कायद्यात भूतकाळ उकरायला बंदी आहे. पहिल्या पाहणीत हे नुसतं वातावरणासाठी घातलेलं वाटतं. पण लिहिणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर केवढी सोय आहे ही! शतकानुशतकं जगणाऱ्या माणसांना खरं काय घडलं हे इतकी वर्षं कसं कळलं नाही, हा प्रश्न कुणीही विचारला असता. त्याचं उत्तर कायद्यातच आहे. आणि हा कायदा ज्यांनी केला त्यांनाच त्याची गरज होती. म्हणजे कथानकातला अडसर आणि खलनायकाचा स्वभाव एकाच खिळ्यावर टांगलेले. सेलीन पहिल्यांदा नियम मोडते ती बंदूक उचलून मोडत नाही. ती जुनं पुस्तक उघडते आणि त्यातल्या चित्रात लूशियनच्या गळ्यातलं लोलक ओळखते.

मग ती व्हिक्टरला उठवते. इथे आज मी तीनदा मागे गेले.

तीन वडीलधारे आहेत : व्हिक्टर, अमेलिया, मार्कस. एका वेळी एकच जागा राहायचा, बाकीचे दोघे थडग्यात निजायचे, शतक सरलं की पाळी बदलायची. यंदा पाळी मार्कसची. सेलीन क्रम मोडून व्हिक्टरला स्वतःचं रक्त देते. या जगात रक्तातून आठवणी जातात, म्हणून ती जे सांगायचं ते मनात घोळवत रक्त देते. व्हिक्टर उठतो, वाळलेल्या लाकडासारखा, पाठीत नळ्या खुपसलेल्या. आणि तो तिला काय ऐकवतो? की तुझ्या आठवणी विस्कळीत आहेत, आठवणी नीट लावून त्यातून एकसंध चित्र उभं करणं फक्त वडीलधाऱ्यांना जमतं.

मी थांबवलं आणि चिठ्ठीवर लिहिलं : ‘हेच तर कथानक.’

आठवणी लावणं म्हणजेच गोष्ट रचणं. आधी काय, नंतर काय, कशामुळे काय. तो अधिकार सिनेमाने कुणाच्या हाती दिला? ज्याने सहाशे वर्षं खोटी गोष्ट रचून सगळ्यांना ऐकवली त्याच्या. सेलीनच्या आठवणी तुकड्यातुकड्यांच्या आहेत, पण खऱ्या आहेत. व्हिक्टरची गोष्ट सलग आहे, घोटीव आहे आणि खोटी आहे. मायकेलचंही तसंच. लूशियन त्याला चावतो आणि त्याला भलत्याच आठवणी दिसायला लागतात : साखळदंड, जळणारी मुलगी, स्वतःच्या नसलेल्या डोळ्यांतून पाहिलेलं दुःख. त्याला ते लावता येत नाही. आपल्यालाही नाही. सगळ्यात खरी साक्ष सगळ्यात तुटक रूपात येते, ही मांडणी मला इतकी पटली की मी उठून खिडकीत जाऊन उभी राहिले.

पूर्वी मला वाटायचं की सेलीन आणि मायकेल म्हणजे लूशियन-सोन्याची पुनरावृत्ती, वैरी घराण्यांतल्या प्रेमाची ठरलेली वाट. आज वाटतं, पुनरावृत्ती आहे म्हणूनच शेवट धरून ठेवतो. तोच बाप, तशीच दिसणारी मुलगी, तसाच दुसऱ्या रक्ताचा तरुण. फक्त या वेळी मुलीला मागची गोष्ट माहीत आहे आणि तलवार तिच्या हातात आहे. शेवटच्या झुंजीत ती व्हिक्टरवरून उडी घेते, खाली उतरते. तो वळतो, पुढे काही करू पाहतो, आणि आपल्याला आधी दिसतं ते पात्यावरचं रक्त. मग त्याच्या चेहऱ्यावर एक बारीक तिरकी रेघ उमटते. वार आधीच झालेला असतो, कळतो नंतर. सगळ्या सिनेमाची चाल त्या एका घावात आहे.

लूशियन-सोन्याचीच गोष्ट २००९ साली वेगळा सिनेमा म्हणून आली, ‘राइज ऑफ द लायकन्स’. ती सरळ पुढे जाते, गुलामगिरीपासून बंडापर्यंत. शेवट आधीच ठाऊक असल्याने रहस्य नाही, पण सोन्या हसली की पोटात कालवतं. तीच हकिकत एकीकडे काही मिनिटांच्या तुकड्यांत, दुसरीकडे अख्ख्या सिनेमात. लिहायला शिकणाऱ्या कुणालाही मी हे दोन लागोपाठ पाहायला सांगेन.

केव्हिन ग्रेव्हियूबद्दलही लिहून ठेवते. मूळ कथा रचणाऱ्या तिघांपैकी तो एक, आणि सिनेमात धिप्पाड लायकन रेझही तोच आहे. त्याचं शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्राचं. म्हणून इथे शाप नाही, मंत्र नाही, विषाणू आहे आणि वंशावळ आहे. आणि वेगळ्या वंशातल्या जोडीदाराशी प्रेम करताना काय सोसावं लागतं हे त्याच्या स्वतःच्या आयुष्यातून या कथेत आलं, असं त्याने सांगितलं आहे. ते जाणवतं. व्हिक्टरची किळस रक्ताच्या भेसळीची आहे.

आता जे खुपलं ते. तळाचं मडकं, सेलीनच्या घरच्यांचा खून, तिला कोण सांगतो? क्रेव्हन. पळ काढायच्या बेतात असलेला, तिला दुखवायला टपलेला क्रेव्हन दोन-चार वाक्यांत बोलून मोकळा होतो. पूर्ण सिनेमा जिच्या शोधावर उभा आहे तिला सगळ्यात मोठी गोष्ट शोधावी लागत नाही, ऐकावी लागते. एवढी काळजीपूर्वक उतरवलेली उतरंड, आणि शेवटचं मडकं तिसऱ्याच माणसाने लाथ मारून फोडलं. साधन तर हाताशी होतं! रक्तात आठवणी असतात हा नियम त्यांनीच केला, दोनदा वापरला. व्हिक्टरच्या रक्ताचा एक थेंब सेलीनच्या ओठाला लागला असता तर तिने ते घर, ती रात्र, ते दार त्याच्या डोळ्यांनी पाहिलं असतं. मला याचा आज खरंच राग आला, कारण बाकी सगळं इतकं नीट रचलेलं आहे.

तरी अखेरचा क्षण पुन्हा सावरतो. लायकनांचा शास्त्रज्ञ सिंज मरून पडलेला, त्याचं रक्त ओघळत फरशीतल्या खाचांमधून मार्कसच्या थडग्यात झिरपतं. लायकनचं रक्त, निजलेल्या व्हॅम्पायरच्या ओठी. आणि रक्तासोबत आठवणीही गेल्याच असणार, सिंजला जे जे माहीत होतं ते सगळं. डोळे उघडतात. आपणहून कुणी काही सांगत नाही.

भाचा आत्ता पाणी प्यायला उठला होता. चिठ्ठ्या बघून म्हणाला, “झालं का तुझं?” त्याला विचारलं, “आजीने सांगितलंच नाही तर?” तो म्हणाला, “मग कळणार कसं?” आणि बाटली घेऊन गेला.

धाकट्याने विहिरीवर जाताना मोठ्याची जुनी चप्पल घातलेली आहे, हे पहिल्या प्रवेशातच आहे, मी ते सहज लिहिलं होतं. आजी ती चप्पल बघून त्याला मोठ्याच्या नावाने हाक मारेल. तीस वर्षांत त्या घरात न उच्चारलेलं नाव. तेवढंच. पुढचं धाकट्याने जुळवायचं, मोडकंतोडकं का होईना.

आजीचं पान बाराचं भाषण लाल पेनने खोडलं. बावीस ओळी होत्या, एक हाक उरली. उद्या पाचला तालीम आहे. आजी करणाऱ्या काकूंनी ते भाषण पाठ केलंय, त्यांना सकाळीच फोन करायला हवा.