स्क्रूज, कोळसा आणि आठशे कोटी

विलायतेत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना जीसीएसई नावाची परीक्षा द्यावी लागते. तिच्यात इंग्रजी साहित्याच्या पेपराला एकोणिसाव्या शतकातली एक कादंबरी असते आणि पुष्कळ शाळा त्यासाठी चार्ल्स डिकन्सचं 'अ ख्रिसमस कॅरल' निवडतात. कारण अगदी व्यवहारी आहे. पुस्तक छोटं आहे. परीक्षेत ते जवळ बाळगता येत नाही, त्यामुळे मुलं वाक्यंच्या वाक्यं घोकतात. मी पूर्व लंडनमधल्या एका सरकारी शाळेत हे पुस्तक शिकवते, आणि खरं सांगायचं तर डिसेंबर उजाडला की मला स्क्रूजचा कंटाळा येतो.

गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. एबेनेझर स्क्रूज हा लंडनचा कवडीचुंबक सावकार. नाताळच्या आदल्या रात्री त्याच्याकडे आधी मेलेला भागीदार मार्ली येतो, मग एकामागून एक तीन भुतं येतात, आणि सकाळी उठतो तो दुसराच माणूस. त्याचा कारकून बॉब क्रॅचिट आठवड्याला पंधरा शिलिंगांवर सहा पोरांचा संसार ओढतोय. त्यातला धाकटा टिम कुबडीवर चालतो. पुस्तक १९ डिसेंबर १८४३ रोजी बाजारात आलं आणि नाताळपर्यंत त्याच्या सहा हजार प्रती खपल्या.

मी सांगतेय तो दिवस डिसेंबर २०२२ मधला. रविवारी रात्री, ११ तारखेला, लंडनमध्ये बर्फ पडला होता. सोमवारी गाड्यांचा घोळ झाला, अर्धा वर्ग गैरहजर होता. शाळेनं विजेच्या बिलाच्या धास्तीनं हीटिंग उतरवलं होतं, त्यामुळे आलेली मुलं कोट घालूनच बसली होती. एरवी मी कोट काढायला लावते. त्या दिवशी माझ्याच अंगात कोट होता.

उजळणी चालली होती पहिल्या प्रकरणाची. स्क्रूजच्या कचेरीत शेकोटी बारीक, आणि कारकुनाची तर इतकी बारीक की एकच निखारा असावा असं वाटावं. कोळशाची पेटी स्क्रूज स्वतःच्या खोलीत ठेवतो, म्हणून बॉब गळपट्टा गुंडाळून मेणबत्तीवर हात शेकायला बघतो. मी नेहमीचा प्रश्न टाकला, यातून स्क्रूजचा स्वभाव कसा दिसतो? खिडकीजवळ बसणारी मुलगी हात वर न करताच म्हणाली, "मिस, या पुस्तकात पर्यावरणाला सगळ्यात कमी त्रास देणारा माणूस स्क्रूजच आहे."

वर्ग हसला. मीही हसले असते, पण तिनं पुरावे मोजायला सुरुवात केली. तो कोळसा जाळत नाही. अंधार स्वस्त म्हणून त्याला अंधार आवडतो. रात्री लापशी पितो. मेलेल्या भागीदाराच्याच जुन्या खोल्यांत राहतो, नवीन काही घेत नाही. "आणि सुधारल्यावर काय करतो? सगळ्यात मोठा टर्की विकत घेतो, तो गाडीनं कॅम्डन टाउनला धाडतो आणि बॉबला सांगतो, शेकोट्या पेटव, कोळशाची आणखी एक बादली आण. म्हणजे चांगला झाला आणि धूर वाढला."

इतकी वर्षं मी हे पुस्तक शिकवतेय, कोळशाच्या त्या दुसऱ्या बादलीकडे मी फक्त माया म्हणून बघितलं होतं. लंडनचा धूर तर पहिल्या पानांपासून पुस्तकात आहे. दुपारी तीन वाजताच काळोख, धुकं फटीफटीतून आणि कुलपाच्या भोकातून आत शिरतंय, बाहेर माणसं धापा टाकत फिरताहेत. ते धुकं नुसतं धुकं नव्हतं. घराघरातल्या आणि कारखान्यांतल्या कोळशाचा धूर त्यात कालवलेला होता.

एक मुलगा म्हणाला की स्क्रूज वाचवतो ते पृथ्वीसाठी थोडंच, तो वाचवतो तिजोरीसाठी. दुसरी म्हणाली, हेतू काही असो, धूर तर कमीच ना. यावर मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "पण थंडी कोण खातंय? बॉब. स्क्रूजची काटकसर दुसऱ्याच्या अंगावर आहे." हे मला फार नेमकं वाटलं, आणि मी उजळणीचा कागद बाजूला ठेवला. विभागप्रमुख बाई जाता जाता दारातून डोकावल्या असत्या तर बोलणी खावी लागली असती.

थंडीचा विषय निघाल्यावर मुलांना पुस्तक शिकवावं लागलं नाही. तिसऱ्या प्रकरणात गरीब माणसं नाताळचं जेवण भाजून आणायला बेकरीवाल्याच्या भट्टीवर नेतात. क्रॅचिटांचा हंससुद्धा तिथूनच येतो. घरी भट्टी नाही, आणि एवढं मोठं काही भाजायचं तर तेवढं सरपण परवडत नाही. एरवी मला हे समजावून सांगावं लागतं. त्या हिवाळ्यात एक मुलगी सहज म्हणाली, "आमच्याकडे ओव्हन आहे, पण तो लावत नाही." मग मीटरच्या किल्लीच्या गोष्टी निघाल्या. इथल्या बऱ्याच घरांत विजेचं आणि गॅसचं मीटर आगाऊ पैशांवर चालतं. दुकानात जाऊन किल्लीत पैसे भरायचे, ते संपले की अंधार. आणि तेव्हा अशा मीटरवर खर्च बँकेतून परस्पर बिल भरणाऱ्यांपेक्षा जास्त पडायचा. ज्याच्या खिशात कमी त्यालाच महाग, हे गणित स्क्रूजला पसंत पडलं असतं.

मग आम्ही आलो त्या प्रसिद्ध वाक्यापाशी. वर्गणी मागायला आलेल्या दोन गृहस्थांना स्क्रूज विचारतो, तुरुंग नाहीत का, वर्कहाउस, म्हणजे निराधारांना राबवून घेणारी सरकारी आश्रयघरं, नाहीत का? लोक तिथं जाण्यापेक्षा मरणं पसंत करतात असं ते म्हणतात, तेव्हा तो म्हणतो, मग मरू देत, तेवढीच जास्तीची लोकसंख्या कमी होईल. इथं परीक्षेसाठी माल्थस या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचं नाव लिहायचं असतं. १७९८ चा त्याचा निबंध, माणसं अन्नापेक्षा वेगानं वाढतात वगैरे. आणि १८३४ चा गरिबांचा कायदा, ज्यानं मदत हवी तर वर्कहाउसमध्ये या असा दम दिला.

"मिस, पण याचं थोडं बरोबर नाही का?" हा वर्गातला हुशार मुलगा. "माणसं खरंच जास्त झालीत. आठशे कोटी. आणि वाढ तर सगळी इंडियात आणि आफ्रिकेत चाललीय." मग त्याच्या लक्षात आलं आपण कोणाशी बोलतोय. "सॉरी मिस."

"सॉरी कशाला? बोल."

संयुक्त राष्ट्रांनी महिन्याभरापूर्वीच, १५ नोव्हेंबरला, जगाची लोकसंख्या आठशे कोटी झाल्याचं जाहीर केलं होतं. पुढच्या वर्षी भारत चीनला मागे टाकणार हेही बातम्यांत होतं. त्या मुलात दुष्टपणा नव्हता, त्यानं जे ऐकलं ते तो बोलला. मी त्याला फोनवर माणशी कार्बन डायऑक्साइड शोधायला लावला. भारताचा वर्षाला सुमारे दोन टन, ब्रिटनचा पाचच्या आसपास, अमेरिकेचा पंधराच्या जवळ. शिवाय ब्रिटनच्या आकड्यात परदेशात बनून इथं विकल्या जाणाऱ्या वस्तूंचा धूर धरलेला नसतो. जगातल्या सगळ्यात श्रीमंत दहा टक्क्यांच्या खात्यावर सुमारे निम्मा धूर जातो, हे मला आधीपासून ठाऊक होतं. ते सांगितलं तर त्याचा विश्वास बसेना.

माझं माहेर बीड जिल्ह्यातलं. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. दिवाळी झाली की त्यांचा वर्ग ओसरायचा, कारण कोयते निघायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत कारखान्याच्या फडात ऊस तोडायचा, कोपीत राहायचं, पोरं बरोबर. पाऊस दगा देतो म्हणून निघणारी ही माणसं हवा बिघडवण्यात कुठंच नाहीत आणि बिघडल्याचा मार खाण्यात सगळ्यांत पुढं. हे मी वर्गाला जमेल तसं सांगितलं. चौथ्या प्रकरणात स्क्रूजच्या मरणाची बातमी ऐकून एका कर्जदार जोडप्याला हायसं वाटतं. परीक्षेत तो प्रसंग फारसा विचारत नाहीत, पण उचल पाहिलेल्या माणसाला तो पानावरून उठून दिसतो.

"ती पोरं केवढी असतात?" कोणीतरी विचारलं.

"तुमच्या धाकट्या भावंडांएवढी."

तेवढ्यात कोळशाचा मुद्दा काढणारी मुलगी त्या हुशार मुलाकडे वळली. "आम्ही पाच भावंडं आहोत. आमच्यातलं जास्तीचं कोण?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. पण पुस्तकात आहे. टिम जगेल का, असं स्क्रूज विचारतो तेव्हा भूत त्याचेच शब्द त्याच्या तोंडावर फेकतं. कोणी जगायचं आणि कोणी मरायचं हे तू ठरवणार? कदाचित या गरिबाच्या पोरासारख्या लाखोंपेक्षा तूच जगायला कमी लायक असशील. पानावर बसलेला किडा खाली धुळीत उपाशी असलेल्या भावंडांकडे बघून म्हणतो, जीव फार झालेत! तेव्हा इथं एक नियमही लागू होता, ६ एप्रिल २०१७ किंवा त्यानंतर जन्मलेल्या तिसऱ्या मुलापासून पुढं गरीब घरांना मिळणाऱ्या सरकारी मदतीत मुलाचा वाटा नाही. वर्गातल्या कोणीतरी लगेच हिशेब मांडला, क्रॅचिटांची चार पोरं बाद.

मुलं आता स्क्रूजवर तुटून पडली होती आणि मला उलट बाजू मांडायची हुक्की आली. डिकन्स वयाच्या बाराव्या वर्षी बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर लेबलं चिकटवत होता, बाप कर्जापायी मार्शलसी तुरुंगात. १८४३ च्या सुरुवातीला मुलांच्या कामाबद्दलचा सरकारी अहवाल वाचून तो एक पत्रक काढणार होता. मग त्यानं विचार बदलला. पत्रकापेक्षा वीस हजार पट जोर लागेल असं काहीतरी करतो, असं त्यानं कळवलं, आणि वर्षाअखेरीस गोष्ट आली. पण गोष्टीत बदलतो एकच माणूस. मी फळ्यावर साल लिहिली. १८४२, खाणीत दहा वर्षांखालची मुलं आणि सगळ्या बायका उतरवायला बंदी. १८४७, कापडगिरण्यांत बायका-मुलांना दहा तासांची मर्यादा. आणि १८४३, म्हणजे नेमकं पुस्तकाचंच साल, धुरावर संसदेची चौकशी समिती. लंडनची हवा धुवायला खरा कायदा आला १९५६ मध्ये, तोही १९५२ च्या डिसेंबरात चार-पाच दिवसांच्या धुरकट धुक्यानं हजारो माणसं मेल्यावर.

"म्हणजे बॉबची पगारवाढ ही स्क्रूजची मर्जी आहे," मुलगी म्हणाली. "दोन महिन्यांनी डोक्यातलं हे भूत उतरलं तर?"

"कायद्याची वाट बघत बसला असता तर टिम मेला असता," तो हुशार मुलगा म्हणाला.

घंटा झाली. दोघं भांडत जिन्यावरून खाली गेली.

नाताळच्या सुट्टीनंतर निबंध आले. त्या मुलानं शेवटच्या पानावरचा क्रम पकडला होता. स्क्रूज आधी पगार वाढवतो, मग घरच्या अडचणींवर बसून बोलू म्हणतो, आणि सगळ्यात शेवटी कोळशाची बादली. त्याचं म्हणणं, बॉबच्या हातात पैसे आले की काय जाळायचं ते बॉब ठरवेल, आधी त्याला धुराबद्दल उपदेश करायचा हक्क कोणाला नाही. पुढं दोन परिच्छेद माणशी टनांचे. मी समासात विचारलं, पगार किती हे कोण ठरवणार? आणि गुण दिले ते फक्त क्रमाबद्दल, कारण गुण देण्याच्या निकषांत लेखकाच्या काळाला जागा आहे, आपल्या काळाला नाही.

मधल्या सुट्टीत तो वही घेऊन आला. "मिस, टनांचं परीक्षेत लिहू का?"

"नको. माल्थसपाशी थांब."