अंगणाचा कोपरा आणि वजा गुणिले वजा

‘वजा गुणिले वजा अधिक’ हे सातवीतलं पोरगं झोपेतसुद्धा सांगतं. का, ते विचारलं की अडतं. ‘शत्रूचा शत्रू तो मित्र’ हे लक्षात ठेवायला बरं आहे, पण ते कारण नव्हे.

अंगणात शहाबादी फरशी बसवायची आहे असं धरा. अंगण २० फूट लांब, १२ फूट रुंद. आखूड भिंतीलगत ३ फुटांचा पट्टा झाडांसाठी सोडायचा, तिला लागून असलेल्या लांब भिंतीजवळ २ फुटांचा. फरशी लागणार १७ × १० = १७० चौरस फूट. आता हेच वजा करत करत काढा. पूर्ण अंगण २४०. पहिला पट्टा ३ × १२, म्हणजे ३६ गेले. दुसरा २ × २०, म्हणजे ४० गेले. उरले १६४. सहा कमी कसे पडले? दोन्ही पट्टे जिथं मिळतात तो ३ × २ चा कोपरा दोन्ही वेळा वजा झाला. म्हणून तो एकदा परत मिळवायचा. (२० − ३)(१२ − २) सोडवताना (−३) × (−२) चे जे +६ येतात, ते म्हणजे हा कोपरा. तिथं −६ लिहिलं तर १५८ येतात आणि १२ चौरस फूट फरशी कमी पडते. कागदावर अंगण काढून पट्टे आडव्या-उभ्या रेघांनी भरायला लावा. कोपऱ्यात जाळी दिसते, मग वेगळं समजावावं लागत नाही.

मराठवाड्यात विहिरीचं उदाहरणही लगेच पटतं. पाणी रोज २ फूट उतरतंय, म्हणजे −२. आजची पातळी शून्य. तीन दिवसांपूर्वी, म्हणजे −३ दिवसांना, पाणी कुठं होतं? ६ फूट वर.

कर्जाचं उदाहरण देताना सांभाळा. ऋण आणि धन हे शब्द जुनेच, ब्रह्मगुप्तानं इ. स. ६२८ मध्ये ऋण गुणिले ऋण धन हा नियम त्याच शब्दांत मांडला. पण कर्जाला कर्जानं गुणणं याला व्यवहारात अर्थ नाही. २००० रुपये उधारीच्या ३ नोंदी वहीतून खोडल्या, असं सांगा. खोडलेल्या नोंदी −३, प्रत्येक नोंद −२०००, फायदा ६०००.

नुसत्या आकड्यांनी सिद्ध करायचं तर २ + (−२) = ० इथून निघा. दोन्ही बाजूंना −३ ने गुणा:
(−३) × २ + (−३) × (−२) = ०
पहिलं पद −६. बेरीज शून्य यायची तर दुसरं +६ च हवं. कंस सोडवायचा नियम ऋण संख्यांनाही लावायचा म्हटलं की दुसरी वाटच राहत नाही.

मुलं चुकतात ती दोन ठिकाणी. एक, −३ − २ = +५. इथं गुणाकारच नाही, उत्तर −५. नियम म्हणताना ‘गुणिले’ हा शब्द गाळला की ही चूक हमखास होते. दुसरी कंसात:
५ − २(क्ष − ४) = १
बरेच जण ५ − २क्ष − ८ = १ लिहितात आणि क्ष = −२ काढतात. (−२) × (−४) म्हणजे +८. म्हणून १३ − २क्ष = १, क्ष = ६. उत्तर मूळ समीकरणात घालून बघायला सांगा. ६ घातलं तर ५ − ४ = १ जुळतं, −२ घातलं तर डावी बाजू १७ होते.